चेटकीण जिन्याखाली झोपते

गोष्टीतली चेटकीण रात्री कुठे झोपते, हे कुणी विचारत नाही. उंच खोलीत कोंडलेल्या मुलीबद्दल सगळं ठाऊक असतं. तिची खिडकी, तिची वेणी, खिडकीखाली येऊन उभा राहणारा तरुण. चेटकीण मात्र गोष्टीला लागेल तेव्हा येते आणि काम झालं की जाते, जणू तिला पाठ टेकायला जागाच लागत नाही.

बसम्मा जिन्याच्या तोंडाशी झोपायची. खाली सतरंजी, वर वाकळ, उशाशी दुकानाच्या किल्ल्या. वर जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागे, आणि तिची झोप इतकी सावध होती की मांजर गेलं तरी ती "कोण हाय?" म्हणून उठून बसे.

आष्टीपासून एसटीनं अर्ध्या तासावरचं ते गाव. चौकात बसम्माचं किराणा दुकान. नवरा सिद्धाराम वारल्यापासून ती ते एकटीच चालवत होती. दुकानावर स्लॅब, स्लॅबवर एकच खोली, आणि जिना दुकानाच्या आतून, तिच्या बसायच्या गादीच्या मागून. पूर्वी त्या खोलीत साखरेची पोती असत. आता संस्कृती असायची. वय सतरा, बारावी सायन्स, आणि वेणी अशी की जिना उतरताना ती पुढे घेऊन हातात धरावी लागे.

गावातली पोरं गोळ्या घेताना बसम्माला आक्का म्हणत आणि चार पावलं लांब गेली की चेटकीण म्हणत. त्यांना घरच्यांकडून मिळालेली हकिगत अशी होती: संस्कृतीच्या आईला, वनमालाला, डोहाळे लागले. बाप राधाकिशन चेटकिणीच्या परसात भाजी चोरायला उतरला. चेटकिणीनं त्याला धरलं आणि म्हणाली, भाजी ने, पण पोर मला दे.

यातलं फार थोडं खोटं होतं, आणि बसम्माची खरी अडचण तीच होती. ते पावसानं दगा दिलेलं वर्ष होतं. गावात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. फक्त तिच्या परसात, न्हाणीचं पाणी वाहून जाई तिथे, आंबट चुक्याचा एक वाफा तग धरून होता. राधाकिशन भर दुपारी भिंतीवरून उतरला आणि तिनं त्याला चुका खुडतानाच पकडलं. तो रडवेला झाला. बायकोच्या पोटात काही ठरत नाही, तोंडाला चव नाही, म्हणाला. "मागितला असतास तर दिला नसता व्हय?" असं म्हणून तिनं स्वतःच ओंजळभर खुडून दिला. मग हसत म्हणाली, "पोरगी झाली तर मला दे." तिला मूल नव्हतं. असं बोलणं गावात चालतं, कुणी मनावर घेत नाही. राधाकिशननं घेतलं की नाही, हे तिला कधी कळलं नव्हतं.

पोर चैत्रात झाली, ऊसतोडीच्या फडात, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. पुढच्या दसऱ्याला पुन्हा कारखान्याकडे निघताना वनमाला तिला घेऊन दुकानात आली. बसम्मानं तराजूच्या पारड्यात फडकं अंथरून पोरीला ठेवलं. सहा महिन्यांचं पोर साडेचार किलो भरलं.

"हिला फडात नेलीस तर परत आणणार न्हाईस," बसम्मा म्हणाली.

"मग ठेवा तुमी," वनमाला म्हणाली.

एक हंगाम झाला, मग दुसरा. मग शाळा सुरू झाली, आणि आईबाप गावात असले तरी संस्कृती दुकानावरच्या खोलीतच राहू लागली. कुणी असं ठरवलं नव्हतं. ते होत गेलं.

यंदा नवरात्र तोंडावर आलं आणि बसम्माला संस्कृतीचा घोर लागला. त्याला कारण होतं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि नाक मुरडतो. म्हणून दसऱ्याला ट्रक भरायच्या आधी गावोगावी घाईची लग्नं लागतात. मांडव नाही, बँड नाही, मुलीच्या वयाची चर्चा तर नाहीच. संस्कृतीला अठरा पूर्ण व्हायला चैत्र उजाडणार होता.

बंकट मुकादम दुकानात आला तेव्हा बसम्मा शांपूच्या पुड्यांची माळ कात्रीनं कापून बरणीत टाकत होती.

"आक्का, तंबाखू द्या. अन् चुना."

"लवकर उगवलास औंदा."

"गाड्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरायच्यात. राधाकिशनचं कार्य उरकलं की मी मोकळा."

"कसलं कार्य?"

बंकटनं तळहातावर तंबाखू घेतली आणि अंगठ्यानं बराच वेळ मळली. "तुमाला न्हाई सांगितलं? मग माझं तोंड कावून उघडायला लावता?" तो हसला. "पोरगा चांगला हाय. प्रविण. दारू न्हाई, गुटखा न्हाई. गेल्या साली अर्धा कोयता म्हणून गेलता. भावजयीच्या हातच्या शिळ्या भाकरी खाऊन वाळला बिचारा."

"पोरगी शिकती, बंकट."

"शिकू द्या की. आमी काय पुस्तकं जाळतो का?"

तो गेला आणि बसम्मानं माळ पुन्हा हातात घेतली. कात्री कुठे लावायची हे तिला थोडा वेळ सुचलंच नाही. वरून संस्कृतीच्या पाठांतराचा आवाज येत होता. कुठल्याशा ग्रंथी, त्यांचे कुठलेसे स्राव. पोरगी वाचताना खोलीभर फिरायची आणि अवघड शब्द आला की थांबायची.

त्या दिवसापासून बसम्माच्या डोक्यात एकच दृश्य घोळू लागलं. आष्टीच्या स्टँडवर संस्कृती कॉलेजच्या पिशवीसह उभी आहे, एक जीप येते, ओळखीचाच कुणी मामा-काका "चल ग, आई बोलावती" म्हणतो, आणि पोरगी बसते. का नाही बसणार? आईनं बोलावल्यावर कोण बसत नाही? हे दृश्य तिला चहा गाळताना दिसे, साखर जोखताना दिसे. दोनदा तिनं गिऱ्हाइकाला मीठ म्हणून रवा बांधून दिला.

तिसऱ्या दिवशी तिनं संस्कृतीचं कॉलेज बंद केलं. फोन घेतला आणि गल्ल्यात टाकून कुलूप लावलं.

"आक्का, प्रॅक्टिकल आहे माझं," संस्कृती जिन्यावरून म्हणाली. "जास्वंदीचं फूल कापून भाग दाखवायचेत."

"परसात हाय की जास्वंद. बस कापत."

"मॅडमसमोर कापायचं असतं."

"दसरा होऊ दे. मग जा."

"म्हणजे माझं शिक्षण वाचवायला तू माझं शिक्षण बंद करतीस?" तिनं हे चिडून नाही, हिशेब न जुळल्यासारखं विचारलं. बसम्मानं जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि गादीवर येऊन बसली. कडी घातल्यावर आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचीही तिला भीती वाटली.

वनमाला आली ती दुपारी, दुकान रिकामं असताना. उन्हानं रापलेली, हातावर पाचटाचे जुने ओरखडे. ती तांदळाच्या पोत्यावर बसली. बसम्मानं चहा टाकला. दोघीही चहा संपेपर्यंत पावसाबद्दल बोलल्या.

"चैत्रापस्तोर थांब, वनमाला," शेवटी बसम्मा म्हणाली. "परीक्षा होऊ दे तिची."

"अन् तवर?"

"तवर मी हाय की."

"तुमी हायत म्हणून तर सतरा वर्सं फडात जीव लागला, आक्का. पण आता ती पोर राहिली न्हाई. तिकडं मोळी उचलली की डोक्यात तीच. कुणी काय बोललं, कुणी काय केलं, तर आमी दोन जिल्ह्यांपलीकडं. तुमचं वय झालं. रात्री कुणी दार ढकललं तर तुमी काय करणार? किल्ल्या फेकून मारणार?"

"म्हणून लगीन?"

"नवरा असला की माणसं नजर खाली घालत्यात." वनमालानं कप खाली ठेवला. "तुमी कडी लावता, आमी लगीन लावतो. भेव एकच हाय."

"तू पण न्हाई म्हणली व्हतीस. आठवतं का? तुझ्या लग्नात. हितंच येऊन बसली व्हतीस, पंधरा वर्सांची, अन् म्हणलीस आक्का, मला न्हाई जायचं."

"म्हणले व्हते." वनमाला उठली, पदर झटकला. "मग? मेले का मी?"

ती वर गेली नाही. जिन्याच्या दारापाशी थांबली, कडीला हात लावून पाहिला, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बसम्मा परसात भांडी घासत असताना तिला भिंतीवर एक माणूस दिसला. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, पायात चप्पल नाही, एका हातानं पाण्याचा पाइप धरून वरच्या खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलत होता. खिडकीत संस्कृती वाकली होती. तिची वेणी गजांमधून बाहेर लोंबत होती.

कपडे वाळत घालायची वेळूची काठी हाताशी होती. बसम्मानं ती उचलली आणि सरळ त्याच्या पायांवर हाणली. पोरगा तोल जाऊन पलीकडे पडला. पलीकडे येड्या बाभळीचं कुंपण होतं.

तो किंचाळला. ती मागच्या दारानं फिरून धावली. पोरगा काट्यांत उताणा पडलेला, एक डोळा रक्तानं बंद.

"हलू नको. मुडद्या, हलू नको म्हणते ना!"

"डोळा गेला, आक्का. माझा डोळा गेला."

"हात काढ. बगू दे."

काटा भुवईतून आरपार शिरून पापणीवर टेकला होता. डोळा आणि त्याच्यात फक्त पापणीची जाडी. बसम्मानं दात आवळून काटा सरळ रेषेत ओढला, जसा शिरला तसाच. रक्त वाहिलं. तिनं पदर दाबून धरला, त्याला परसात आणलं, मिठाच्या पाण्यानं जखम धुतली. तो डोळे उघडून एकेक करून झाकून पाहत होता.

"दिसतंय," तो म्हणाला आणि रडू लागला.

"नाव काय तुझं?"

"प्रविण."

तिची मूठ पुन्हा वळली. तो घाईनं मागे सरकला. "मारू नका! म्या न्हाई म्हणायला आलतो. तिला सांगायला आलतो, शुक्रवारी हाय म्हणून. देवळात, दुपारच्या आत. मला न्हाई करायचं हे लगीन. मला पुण्याला जायचंय, गॅरेजात काम बघितलंय."

"मग घरी सांग की."

"सांगणार हाय," प्रविण म्हणाला. पण तो हे जमिनीकडे बघून म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "घरच्यांना आधी घोर व्हता. पोरगी कॉलेजातून आणावी लागंल, मॅडम लोक बोंब मारतील. आता म्हणत्यात, बरं झालं, आक्कानं तिला घरातच बसवलीय."

बसम्मानं वर पाहिलं. खिडकी, खिडकीला गज. खाली जिन्याचं एकच दार. आष्टीच्या स्टँडवर माणसं असतात, पोलीस असतो, मैत्रिणी असतात. इथं फक्त ती होती. पोरगी सुरक्षित राहावी म्हणून तिनं निवडलेली जागा ही तिला शोधायची सगळ्यात सोपी जागा होती.

तिनं कडी काढली आणि वर गेली. संस्कृती पलंगावर बसली होती. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"तो फोन नंबर असतो ना," बसम्मा म्हणाली. "पोरींचं लगीन थांबवायचा. सरकारचा. लाव."

"पोलीस येतील. आईला नेतील, दादांना नेतील. नको." संस्कृती बापाला दादा म्हणायची. "मीच बोलते त्यांच्याशी. मला खाली जाऊ दे, घरी जाऊ दे. मी सांगते, परीक्षा आहे, नाही करायचं. ती माझीच माणसं आहेत, आक्का. ऐकतील."

"न्हाई ऐकणार."

"तुला काय माहीत?"

बसम्माला पंधरा वर्षांची वनमाला माहीत होती, तांदळाच्या पोत्यावर बसलेली. तिनंही असंच, अगदी अशाच आवाजात म्हटलं होतं की सांगते मी, ऐकतील. पण ते ती संस्कृतीला बोलली नाही. "उद्या बगू," एवढंच म्हणाली.

त्या रात्री ती वाकळीवर पडून छताकडे पाहत राहिली. नवरी कशानं नवरी दिसते, असा एक विचार तिला आला आणि मग तो जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृतीनं डोक्यावरून अंघोळ केली. दुपारी बसम्मा तेलाची वाटी घेऊन वर गेली. हे नेहमीचं होतं. पोरीला पाठमोरी बसवायचं, गुडघ्यांमध्ये धरायचं, भांग पाडायचा. जावळ काढल्यापासून या डोक्यावर दुसऱ्या कुणाचा हात फिरला नव्हता. बसम्मानं वेणी घातली, नेहमीपेक्षा घट्ट, आणि मुळाशी रिबन बांधली. संस्कृती आईला काय सांगायचं याची तयारी करत होती. "आधी मी मार्क दाखवते," ती म्हणत होती, "मग म्हणते की..."

बसम्मानं पदराआडून कात्री काढली. पुड्यांच्या माळा कापायची कात्री. प्लास्टिक ती सर्रकन कापायची. वेणी तशी कापली जात नाही. पहिल्या चाव्यात बाहेरचेच केस तुटले आणि कर्र असा आवाज झाला. संस्कृतीचे खांदे ताठ झाले. तिचं वाक्य अर्धंच राहिलं. ती उठली असती तर आपण थांबलो असतो, असं बसम्माला पुढे कितीतरी वेळा वाटलं. पण ती उठली नाही आणि बसम्मा थांबली नाही. करवतीसारखी कात्री चालवत राहिली, आणि सगळी वेणी हातात आली तेव्हा ती इतकी जड होती की तिला ती ठेवायला जागा सुचेना.

संस्कृतीनं मानेवर हात नेला.

"नवरात्र आहे," ती म्हणाली. नवरात्रात केसाला कात्री लावत नाहीत, हे बसम्मानंच तिला शिकवलं होतं.

"म्हणूनच. आता ते न्हाई नेणार तुला. औंदा तरी न्हाई."

"तुमी मला विचारायचं होतं."

सतरा वर्षांत ती पहिल्यांदा तुमी म्हणाली. बसम्माला वाटलं, चुकून म्हणाली असेल.

"इचारलं असतं तर?"

"नाही म्हणले असते."

"मग?"

"मग काय? आई तरी कुठं विचारते? ती माझ्या भल्यासाठीच करते. तुमी पण."

शुक्रवारी ते आले. राधाकिशन, वनमाला, प्रविणची आई, दोन बायका, आणि दुकानाबाहेर बंकटची जीप. प्रविण आला नव्हता. तो देवळात बसला होता, कपाळाला पट्टी बांधून. बसम्मानं कुणाला अडवलं नाही. गादीवरून उठून जिन्याचं दार उघडलं आणि बाजूला झाली. तिनं तराजूचा खांब धरला.

ते वर गेले. मग वनमालाची किंकाळी. मग प्रविणच्या आईचा आवाज, तो चौकापर्यंत गेला.

"अगं बाई! नवरात्रात पोरगी बोडकी! काय देवाला वाहिली का काय? का डोकं फिरलंय हिचं? राधाकिशन, असलं ध्यान माझ्या दारात आणायचं व्हतं व्हय तुला?"

ती दणादण जिना उतरली, दोन्ही बायका तिच्या मागे. दारात थांबून तिनं बसम्माकडे पाहिलं आणि जमिनीवर थुंकली. जीप सुरू झाली.

मग वनमाला खाली आली. हातात हिरव्या बांगड्यांचा पुडा तसाच होता. "चेटकीन," ती म्हणाली. हा शब्द गावानं बसम्माला ऐकवला असेल, पण वनमालानं कधी उच्चारला नव्हता. "तुमी माझ्या पोरीचं तोंड बगवेनासं केलं. चेटकीन हायत तुमी!"

राधाकिशन जिन्याच्या पायरीवरच बसला होता. ओरडला नाही. थकलेल्या आवाजात म्हणाला, "चुका नेला तवाच तुमी पोर मागितली व्हती. मी बायकोला सांगितलं नव्हतं, पण मला ध्यानात व्हतं. आता घ्या, आक्का. ठेवून घ्या."

"मी कुणाकडं ठेवायची नाही," वरून संस्कृती म्हणाली. ती उतरली. डोक्यावरून ओढणी घेतली नव्हती. वेडेवाकडे कापलेले केस कानाशी उभे राहिले होते आणि चेहरा कुणा दुसऱ्याच मुलीचा वाटत होता. "मंजुषा मॅडम कॉलेजच्या होस्टेलचं बघतात. मी तिथं राहते. आई, तू पण ऐक. मी तिथं राहते."

कुणीच नाही म्हणालं नाही. म्हणायला आता कुणात बळ नव्हतं.

प्रविणचं लग्न त्याच आठवड्यात, दुसऱ्या गावच्या मुलीशी झालं. बंकटनं तंबाखू घेता घेता सांगितलं. मुलगी किती वर्षांची, हे त्यानं सांगितलं नाही. बसम्मानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तिला तो गेल्यावर कळलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. ती मुलगी कशी दिसत असेल? तिच्या मागे कुणी होतं का? आपण एक दार बंद केलं आणि तो लोंढा शेजारच्या दाराकडे वळला, एवढंच तर झालं नाही?

संस्कृती निघाली त्या सकाळी बसम्मानं गल्ल्याचं कुलूप काढून फोन पुढे केला. तिनं घेतला. डबा मात्र घेतला नाही. "तिथं मिळतं जेवण," म्हणाली. बसम्मा तरीही डबा घेऊन स्टँडपर्यंत मागे मागे गेली. ओळखीच्या बायका केसांकडे बघत होत्या आणि संस्कृती सरळ समोर बघत होती. एसटी आली. ती खिडकीशी बसली. बसम्मानं डबा वर धरला, कुणी घेईना. शेवटी शेजारच्या सीटवरची एक अनोळखी बाई वाकली, "द्या हिकडं, आजीबाई," म्हणाली, आणि तिनं तो डबा पोरीच्या मांडीवर ठेवला. गाडी हलली. डबा मांडीवर राहिला की पायाशी ठेवला गेला, ते धुळीत दिसलं नाही.

दुकानात परतली तर वनमाला तांदळाच्या पोत्यावर बसली होती. चौकात ट्रक उभा होता. भांडी, वाकळी, शेळी, माणसं चढत होती.

"गेली?" वनमालानं विचारलं.

"गेली."

"काय म्हणली?"

"काय न्हाई."

वनमालानं एक मिश्रीची डबी घेतली. मग उठली नाही. बसम्मानंही तिला ऊठ म्हटलं नाही. मध्ये गल्ल्यावर बसम्माचा फोन पडलेला होता, उताणा. आष्टीला पोचायला अर्धा तास. तो होऊन गेला होता. बसम्मानं फोन उचलून आवाज मोठा आहे ना बघितलं, परत ठेवला. थोड्या वेळानं परत बघितलं. रस्त्यात काही झालं असेल का? होस्टेलवाल्यांनी केस बघून काही विचारलं असेल? ट्रकनं हॉर्न दिला. राधाकिशन लांबून ओरडला, "अगं ये की! सगळे चढले."

"आले," वनमाला म्हणाली आणि बसून राहिली.

मग फोन वाजला. बसम्माचा नाही. वनमालाच्या कमरेच्या पिशवीतला. तिनं घाईनं काढला, उलटा धरला, सरळ केला. "हां. हां. बरं. पाणी हाय का तिथं? बरं." बसम्मा तिच्या तोंडाकडे बघत होती. स्वतःचा हात पदराशी काय करतोय, याचं तिला भान नव्हतं.

वनमालानं फोन खाली केला.

"पोचली म्हणती," ती म्हणाली. "खोलीत दोघी हायत अजून. अन् जेवली म्हणती, गाडीतच."

बसम्मानं मान हलवली.

"काय जेवली, इचारू का? लावू परत?"

ट्रकनं पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांबलचक.

"नको," बसम्मा म्हणाली. "जा तू. गाडी थांबलीय तुझी."